आधी गुंता, मग नावे: पेशी विभाजनाच्या अवस्था सातवी-आठवीला कशा शिकवाव्यात

पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही चार नावे पाठ व्हायला मुलांना फार वेळ लागत नाही. सेमी-इंग्रजीच्या वर्गात प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज, टेलोफेज हेही तितक्याच सहज पाठ होते. आकृत्याही बऱ्या निघतात. पण त्याच मुलांना "गुणसूत्रे पेशीच्या मधोमधच का येतात?" असे विचारा. बहुतेक जण सांगतील, "कारण ती मध्यावस्था आहे." नाव हेच कारण झाले! नावे आधी आणि प्रश्न नंतर आला की असेच होते. म्हणून पहिल्या तासाला एकही नाव फळ्यावर लिहू नये. पेशीसमोरची अडचण मुलांच्या हातात द्यावी, ती सोडवता सोडवता टप्पे त्यांनाच सापडू द्यावेत आणि नावांच्या चिठ्ठ्या सर्वांत शेवटी लावाव्यात.

राज्य मंडळाच्या पुस्तकांत सातवी-आठवीला पेशीची रचना आणि पेशीअंगके येतात, विभाजनाचा तपशील दहावीत येतो. सातवी-आठवीला हा विषय घ्यायचा असेल तर सूत्री विभाजन (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणे) पूर्ण घ्यावे आणि अर्धगुणसूत्री विभाजनाची (अंडपेशी-शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रे निम्मी करणाऱ्या विभाजनाची) फक्त तोंडओळख करून द्यावी. त्यातल्या पहिल्या पूर्वावस्थेच्या पाच उपअवस्थांना या वयात हात लावू नये. त्यांची नावे मुले दोन दिवसांत विसरतात आणि त्या नावांसोबत मूळ चित्रही पुसले जाते.

अडचण काय आहे

माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सलग मांडला तर सुमारे 2 मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात बसतो त्याचा व्यास साधारण 6 मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सहा. केंद्रक टेनिसच्या चेंडूएवढे मोठे केले तर त्यात कोंबलेला धागा सुमारे 20 किलोमीटर लांब होईल आणि त्याचे 46 तुकडे असतील; एक तुकडा म्हणजे एक गुणसूत्र. विभाजनाआधी या प्रत्येक तुकड्याची हुबेहूब प्रत तयार होते. पेशीला आता 92 धाग्यांच्या या गुंत्यातून प्रत्येक धाग्याची एक प्रत इकडे आणि एक तिकडे पाठवायची आहे. एकही तुटता कामा नये, एकही चुकता कामा नये.

हे नुसते सांगून कळत नाही. चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला शिवणाच्या दोऱ्याचे दीड-दीड मीटरचे आठ तुकडे द्या. तुकड्यांच्या दोन्ही टोकांना कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवा: दोन तुकड्यांवर 1, दोनांवर 2, दोनांवर 3, दोनांवर 4. सगळे एकत्र मुठीत चुरगाळून बाकावर ठेवा. काम एकच: तीन मिनिटांत दोन ढीग करायचे, प्रत्येकात 1 ते 4 एकेकदा आले पाहिजेत. कातरी वापरायची नाही.

बहुतेक गटांना वेळ पुरणार नाही. आता विचारा, "पुन्हा संधी मिळाली आणि दोरे गुंतण्यापूर्वी तयारी करायची मुभा असली, तर काय कराल?" उत्तरे साधारण ठरलेली असतात. एक जण म्हणतो, प्रत्येक दोरा काडीवर गुंडाळून घेऊ. दुसरी म्हणते, सारख्या नंबरचे दोन दोरे सुरुवातीलाच एकत्र बांधून ठेवू. तिसरा म्हणतो, सगळ्या जोड्या एका ओळीत लावू, मग दोघे दोन बाजूंनी ओढू. ही उत्तरे त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहून ठेवा आणि पुसू नका. पुढच्या तासाला प्रत्येक वाक्यासमोर अवस्थेचे नाव लागणार आहे.

लोकर आणि टिचबटणे

दुसऱ्या तासाचे साहित्य शिवणसामानाच्या दुकानात मिळते. प्रत्येक गटाला लागते ते असे: लाल आणि निळी लोकर प्रत्येकी अर्धा मीटर, टिचबटणांचे चार जोड, पांढऱ्या दोऱ्याचे 30 सेंटिमीटरचे आठ तुकडे, एक मोठी सुई, एक पूर्ण कार्डशीट आणि सुतळीचा एक तुकडा. लाल म्हणजे आईकडून आलेले गुणसूत्र, निळे म्हणजे वडिलांकडून आलेले. प्रत्येक रंगाचे 16 सेंटिमीटरचे दोन आणि 8 सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. कार्डशीट म्हणजे पेशी, तिच्यावर गोल मांडलेली सुतळी म्हणजे केंद्रकाचे आवरण.

टिचबटणाला चार भोके असतात. त्यांतल्या दोन भोकांतून लोकर ओवायची, उरलेल्यांपैकी एकात पुढे पांढरा दोरा बांधायचा. लांब तुकड्यांत बटण बरोबर मध्यावर बसवा, आखूड तुकड्यांत एका टोकाच्या जवळ. ओढताना एकाचा आकार इंग्रजी व्हीसारखा होईल आणि दुसऱ्याचा जेसारखा. पश्चावस्थेच्या आकृतीतले ते वाकडे आकार कुठून येतात हे मग वेगळे समजवावे लागत नाही: दोरा बटणाला ओढतो आणि हात मागे फरफटतात.

सुरुवातीला केंद्रकात चारच तुकडे ठेवा: लांब लाल, लांब निळा, आखूड लाल, आखूड निळा. प्रत्येकाला बटणाचा खोबणीचा अर्धा भाग लावलेला असेल. आता प्रत काढायची. लाल लांब तुकड्याची प्रत लालच आणि लांबच, तिला बटणाचा टोक असलेला अर्धा भाग. दोन्ही टिचकन जोडा. इथे थांबून प्रत्येक गटाचे टेबल बघून या, कारण या विषयातला सर्वांत चिवट गैरसमज इथेच जन्मतो. आकृतीतल्या एक्सच्या आकाराच्या गुणसूत्राचा एक भाग आईचा आणि एक वडिलांचा, असे पुष्कळ मुलांना वाटते. तसे वाटणारे मूल लाल तुकड्याला निळा तुकडा जोडून बसलेले सापडेल. एक्समधले दोन्ही भाग एकाच धाग्याचे मूळ आणि प्रत आहेत, त्यांना क्रोमॅटिड म्हणतात, आणि ते जिथे घट्ट जोडलेले दिसतात तो गुणसूत्रबिंदू. आईवडिलांची जोडी म्हणजे लाल एक्स आणि निळा एक्स, आणि सूत्री विभाजनात ते दोघे एकमेकांची दखलही घेत नाहीत.

प्रत काढण्याचा हा काळ विभाजनाच्या आधीचा, इंटरफेजमधला. जुन्या पुस्तकांत त्याला विश्रांतीची अवस्था म्हणत, कारण सूक्ष्मदर्शीखाली काहीच घडताना दिसत नाही. 1953 मध्ये अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी किरणोत्सारी फॉस्फरस वापरून दाखवले की डीएनए तयार होतो तो याच काळात, आणि तोही त्यातल्या एका ठरावीक टप्प्यात. त्याच्या आधी पेशी वाढते, नंतर विभाजनाची जुळवाजुळव करते. "दर वेळी दोन तुकडे होत गेले तर पेशी लहान लहान होत संपणार नाही का?" हा प्रश्न चौकस मूल विचारतेच. त्याचे उत्तर इथे आहे: दोन विभाजनांच्या मधल्या काळात पेशी पुन्हा आपल्या आकाराला येते. आयुष्याचा बहुतेक काळ ती इंटरफेजमध्येच असते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशींचे चक्र साधारण 24 तासांचे असते आणि प्रत्यक्ष विभाजन त्यात जेमतेम तासाभराचे.

आता टप्पे घडवा. लोकरीला पीळ देऊन तुकडे आखूड, जाड करा आणि सुतळी उचलून बाजूला ठेवा. आवरण असेपर्यंत बाहेरचे दोरे आतल्या गुणसूत्रांपर्यंत पोहोचणार कसे? ही पूर्वावस्था. कार्डशीटच्या दोन टोकांना दोन मुले बसतील, ते दोन ध्रुव. त्यांच्याकडून येणारे पांढरे दोरे म्हणजे तुर्कतंतू. प्रत्येक बटणाच्या एका अर्ध्या भागाला डावीकडचा दोरा, दुसऱ्याला उजवीकडचा. दोघांनी हलकेच ताण दिला की चारही जोड्या आपोआप मधल्या रेषेवर येतात. मधली जागा काही खास नाही, दोन्ही बाजूंची ओढ तिथे सारखी होते इतकेच. ज्या प्रश्नापासून सुरुवात केली होती त्याचे उत्तर मुलांच्या हाताला जाणवते. ही मध्यावस्था.

पुढच्या टप्प्यावर हे मॉडेल थोडे फसवते, आणि ते मुलांना सांगून टाकावे. दोरे जोरात ओढले की टिचबटण उघडते, त्यामुळे ओढल्याने क्रोमॅटिड तुटून वेगळे होतात असा समज होतो. पेशीत ते प्रथिनांच्या कड्यांनी बांधलेले असतात आणि ती बांधणी एक विकर (एन्झाइम) कापते. कापायचा हुकूम मिळतो तो प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंचे तंतू नीट जोडले गेल्यावरच. एकही जोड राहिला असेल तर सगळी पेशी थांबून राहते. म्हणून गटातल्या तिसऱ्या मुलाला पंच करा. ध्रुवावरच्या मुलांनी बटण उघडेल इतके ओढायचे नाही. पंच आठही दोरे तपासेल, "झाले" म्हणेल, चौथे मूल चारही बटणे उघडेल, आणि तेव्हाच दोरे ओढायचे. चारही एकाच वेळी वेगळी होतात हेही महत्त्वाचे आहे. ही पश्चावस्था.

दोन्ही ध्रुवांपाशी चार-चार तुकडे जमले की पीळ सोडा, प्रत्येक ढिगाभोवती सुतळीचे नवे वर्तुळ करा. ही अंत्यावस्था, म्हणजे पूर्वावस्थेची उलटी फिल्म. हिच्यावर जास्त वेळ घालवायची गरज नाही.

एकदा नीट झाल्यावर मुद्दाम चूक करायला सांगा. पंचाने डोळे मिटायचे आणि एका गुणसूत्राचे दोन्ही दोरे डावीकडच्याच मुलाला द्यायचे. शेवटी एका बाजूला पाच तुकडे आणि दुसऱ्या बाजूला तीन. पंचाचे काम काय होते, ते आता कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मोजताना बटणे मोजा

परीक्षेत गुण जातात ते नावांमुळे कमी, आकड्यांमुळे जास्त. गुणसूत्रे कधी दुप्पट होतात, कधी निम्मी होतात, यात मुलेच काय, शिक्षकही अडखळतात. यावर एकच नियम पुरतो: जितके गुणसूत्रबिंदू तितकी गुणसूत्रे. मॉडेलच्या भाषेत, जोडलेले बटण म्हणजे एक, उघडलेल्या बटणाचे अर्धे भाग म्हणजे दोन. आणि धागे, म्हणजे डीएनएचे रेणू, वेगळे मोजायचे.

माणसाच्या पेशीला तो लावून पाहा. प्रत काढण्यापूर्वी 46 गुणसूत्रे, 46 धागे. प्रत काढल्यावर धागे 92, पण गुणसूत्रे 46च, कारण बटणे जोडलेली आहेत. मध्यावस्थेतही तेच. पश्चावस्थेत बटणे उघडली की त्याच पेशीत क्षणभर 92 गुणसूत्रे होतात. पेशी दुभंगल्यावर प्रत्येकीत पुन्हा 46. आकृती काढताना प्रत्येक चित्राखाली हे दोन आकडे लिहायची सवय लावावी. चित्र चुकले असेल तर आकडेच ते दाखवून देतात.

केंद्रक वेगळे, पेशी वेगळी

केंद्रक दुभंगणे आणि पेशी दुभंगणे ही दोन वेगळी कामे आहेत. प्राणिपेशीत पेशीच्या बाहेरच्या आवरणाला खाच पडते आणि ती आत सरकत जाते. वनस्पतिपेशीला बाहेरून टणक भित्तिका असल्याने तशी खाच पडू शकत नाही. तिथे मधोमध पेशीपटल तयार होऊन ते कडांकडे वाढत जाते.

ही दोन कामे खरोखरच सुटी होऊ शकतात याचा पुरावा शहाळ्यात आहे. कोवळ्या नारळातले पाणी म्हणजे भ्रूणपोष, बीमधल्या भ्रूणाचे अन्न. त्यात केंद्रके एकामागून एक विभागत जातात, पण मध्ये भिंती घातल्या जात नाहीत, त्यामुळे ती द्रवात मोकळी राहतात. पुढे कडेने भिंती तयार होऊ लागतात आणि आधी मलई, मग खोबरे धरते. कोकणातल्या काय, कुठल्याही वर्गात हे उदाहरण विसरले जात नाही.

कांद्याचे मूळ: खरे दृश्य

मॉडेलनंतर खरी पेशी दाखवायला हवी, नाहीतर गुणसूत्रे लाल-निळी असतात असाच समज राहील. कांद्यात 16 गुणसूत्रे असतात, ती मोठी असतात, म्हणून जगभर शाळांत कांद्याचेच मूळ वापरतात.

बाजारातून जुना, कोरडा, टणक कांदा घ्या. खालच्या बुंध्यावरची वाळकी मुळे पात्याने हलकेच खरवडा, पण बुंधा कापू नका. तीन दातकोरण्या टोचून कांदा काचेच्या ग्लासवर असा ठेवा की फक्त बुंधा पाण्याला टेकेल. सगळा कांदा बुडाला तर कुजतो. पाणी रोज बदला. दोन-तीन दिवसांत दोनेक सेंटिमीटरची पांढरी मुळे येतात. दोन-तीन कांदे एकदम लावावेत, कारण एखादा मुळे धरतच नाही. मोड येऊ नये म्हणून विकिरण केलेला कांदा या कामाचा नाही. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे असे विकिरण केंद्र 2002 पासून आहे. गॅमा किरणांनी विभागणाऱ्या पेशींचा डीएनए बिघडतो, म्हणून त्या कांद्याला मोड येत नाही. म्हणजे न रुजणारा कांदाही या धड्याचेच उदाहरण आहे.

मुळे सकाळी कापा, तेव्हा विभागणाऱ्या पेशी जास्त सापडतात. कापलेली मुळे लगेच तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग तीव्र अ‍ॅसिटिक आम्लाच्या ताज्या मिश्रणात 24 तास ठेवायची. यात पेशी आहे त्या अवस्थेत गोठतात. पुढे वापरायची असतील तर 70 टक्के अल्कोहोलमध्ये, फ्रीजमध्ये.

काचपट्टी करायच्या दिवशी मुळे 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, 60 अंश सेल्सिअसला, पाच ते आठ मिनिटे ठेवा. गरम पाण्याच्या चंचुपात्रात परीक्षानळी उभी करून तापमापी लावली की पुरे. हे काम शिक्षकांनीच करावे, चष्मा आणि हातमोजे घालून. आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल घालायचे, आम्लात पाणी कधीही नाही. मग मुळे पाण्याने दोन-तीनदा धुऊन अ‍ॅसिटोकार्मिन या रंगात दहा-पंधरा मिनिटे. लोखंडी सुईने ढवळले तर रंग अधिक गडद चढतो, लोखंडाचा अंश रंगाला धरून ठेवतो. मुळाचे टोक सर्वांत गडद दिसेल. तेवढेच, 2 मिलिमीटर, पात्याने कापून काचपट्टीवर 45 टक्के अ‍ॅसिटिक आम्लाच्या थेंबात ठेवा, बाकीचे मूळ टाकून द्या. वर कव्हर स्लिप, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलके टकटक, मग टिपकागदाची घडी ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाब.

दृश्य बिघडले तर कारण बहुधा याच ठिकाणी सापडते. सगळ्या पेशी लांबट आणि आयताकृती दिसत असतील तर टोकाऐवजी वरचा भाग घेतला आहे. तिथे पेशी फक्त लांबतात, विभागत नाहीत. पेशी एकावर एक थरांत असतील तर आम्लाचा वेळ कमी पडला, पेशींना जोडणारा लगदा विरघळला नाही. उलट सगळे फिकट आणि पिठूळ असेल तर आम्ल जास्त वेळ झाले. गुणसूत्रे फासल्यासारखी दिसली तर दाबताना कव्हर स्लिप आडवी सरकली. आणि टोक बरोबर असूनही पन्नास पेशींत एकही विभागताना दिसत नसेल तर मूळ म्हातारे आहे, दुसऱ्या कांद्याचे घ्या.

सूक्ष्मदर्शीत आधी 10 च्या भिंगाखाली चौकोनी, दाटीने बसलेल्या आणि मोठ्या केंद्रकाच्या पेशी शोधाव्यात, मग 40 च्या भिंगावर जावे. नेत्रभिंगाला मोबाइलचा कॅमेरा लावून फोटो घेतला की तो सगळ्या वर्गाला एकदम दाखवता येतो, आणि "हीच मध्यावस्था का?" यावर वादही घालता येतो. रसायनांची सोय नसेल तर कांद्याच्या मूलाग्राची तयार काचपट्टी प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात मिळते. मोजणीला ती पुरते.

इथे एक विसंगती मुलांच्या लक्षात येईल. पुस्तकातल्या आकृतीत दोन ध्रुवांवर ताऱ्यासारखी तारककेंद्रे असतात, कांद्यात ती कुठेच नाहीत. काचपट्टी चुकलेली नाही. आकृती प्राणिपेशीची आहे. कांद्यासारख्या वनस्पतींत तारककेंद्रे नसतातच, तुर्कतंतू त्यांच्याविनाही तयार होतात.

मोजणी

प्रत्येक गटाने 50 पेशी मोजायच्या आणि पाच रकान्यांत खुणा करायच्या. समजा दहा गटांचे मिळून 500 पेशींपैकी 440 इंटरफेजमध्ये, 36 पूर्वावस्थेत, 9 मध्यावस्थेत, 5 पश्चावस्थेत आणि 10 अंत्यावस्थेत मिळाल्या. पेशीचक्र 20 तासांचे, म्हणजे 1200 मिनिटांचे धरले तर त्रैराशिकाने पूर्वावस्था सुमारे 86 मिनिटे, मध्यावस्था 22, पश्चावस्था 12 आणि अंत्यावस्था 24 मिनिटे. सगळ्या मेलेल्या पेशींच्या फोटोवरून घड्याळ लावता येते, हे मुलांना पटायला थोडा वेळ लागतो: जी अवस्था जास्त वेळ टिकते तिच्यातल्या पेशी जास्त सापडतात. प्रत्येक वर्गाचे आकडे वेगळे येतील, त्यात लपवण्यासारखे काही नाही. टोकाच्या वरच्या न विभागणाऱ्या पेशी मोजणीत आल्या की इंटरफेजचा आकडा फुगतो, हेही त्यांना शोधू द्या.

याच फोटोंच्या प्रती काढून, नावे न घालता, उलटसुलट करून द्या आणि क्रम लावायला सांगा. जर्मनीत वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या पेशी रंगवून, थोड्याफार जिवंतही पाहून, असाच क्रम लावला आणि 1882 मध्ये त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पेनिसिलिनचे फ्लेमिंग ते वेगळे. हा क्रम लावताना दोन फोटोंच्या मधले असे काहीतरी हमखास सापडते ज्याला धड पूर्वावस्था म्हणता येत नाही, धड मध्यावस्थाही नाही. ते फोटो बाजूला टाकू नका. विभाजन सलग चालते, थांबे आपण सोयीसाठी घातले आहेत, हे त्या फोटोंइतके स्पष्ट कशानेच होत नाही.

तुर्कतंतू अडवले तर

"दोरेच तयार झाले नाहीत तर?" याचे उत्तर अंगणात आहे. सदाफुलीपासून मिळणारी विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही औषधे तुर्कतंतू तयार होऊ देत नाहीत. पेशी मध्यावस्थेपाशी अडकते, पंच "झाले" म्हणतच नाही. कर्करोगाच्या पेशी अनिर्बंध विभागत असतात, म्हणून रक्ताच्या काही कर्करोगांवर ही औषधे देतात. केसांच्या मुळाशी किंवा अस्थिमज्जेत झपाट्याने विभागणाऱ्या चांगल्या पेशींनाही अशा औषधांचा फटका बसतो, म्हणून केस गळतात, रक्तपेशी कमी होतात. पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतले कोल्चिसिनही तुर्कतंतूंवरच घाव घालते. ते जहाल विष आहे, त्यामुळे कळलावीचा कंद किंवा फुले वर्गात आणू नयेत, सदाफुलीही चावून पाहू देऊ नये. पण याच कोल्चिसिनने पेशी मध्यावस्थेत थांबवून 1956 मध्ये जो हिन टियो आणि आल्बर्ट लेवान यांनी माणसाची गुणसूत्रे नीट मोजली. तोवर ती 48 आहेत असे सर्रास मानत.

त्याच लोकरीवर पुढचा धडा

अर्धगुणसूत्री विभाजनासाठी नवे साहित्य नको. प्रती काढून झाल्यावर या वेळी लाल लांब आणि निळा लांब शेजारी शेजारी ठेवा, आखूडही तसेच. पहिल्या विभाजनात बटणे उघडायची नाहीत, रंग वेगळे करायचे: लाल एक्स एकीकडे, निळा दुसरीकडे. दुसऱ्या विभाजनात बटणे उघडायची. शेवटी चार पेशी, प्रत्येकीत दोन तुकडे. गटागटांत रंगांची जुळणी वेगळी येईल, कारण कोणता रंग कुठल्या बाजूला जाईल याचे बंधन नाही. दोन जोड्यांत 4 प्रकार होतात, माणसाच्या 23 जोड्यांत 83,88,608. शेजारी ठेवलेले लाल आणि निळे धागे आपसांत तुकड्यांची अदलाबदलही करतात. ती या वयात एका वाक्यात सांगून सोडावी.

उजळणीला "अवस्थांची नावे लिहा" यापेक्षा न पाहिलेल्या प्राण्याचा प्रश्न द्यावा. सह्याद्रीतल्या भेकराचा चांगला जमतो. भेकराच्या मादीत फक्त 6 गुणसूत्रे असतात, सस्तन प्राण्यांत याहून कमी कुठे आढळलेली नाहीत. कुत्र्यात 78 आणि ज्वारीत 20. जास्त गुणसूत्रे म्हणजे जास्त प्रगत, हा समज या तीन आकड्यांपुढे टिकत नाही. प्रश्न असा: भेकराच्या मादीच्या त्वचेतली पेशी पश्चावस्थेत असताना तिच्यात गुणसूत्रे किती आणि तिच्या अंडपेशीत किती? उत्तर 12 आणि 3. नरात 7 असतात हे सांगितले की कोणीतरी साताचे निम्मे कसे करणार असे विचारेलच. नराचे एक लिंग गुणसूत्र दुसऱ्या दोन लिंग गुणसूत्रांशी जोडी लावते, त्यामुळे त्याच्या काही शुक्रपेशींत 3 गुणसूत्रे येतात आणि काहींत 4.